समासातल्या रेघा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मोजणीबाई बोअरवर हजर असायच्या. सव्वीस वर्षं हा नेम चालला होता. सहा-दहाच का, तर साडेसहाला पलीकडच्या कारखान्याचे पंप सुरू व्हायचे आणि जमिनीखालचं पाणी ढवळून निघायचं. त्याच्या आत, पाणी झोपेत असतानाच त्याची खोली मोजायची आणि वहीत लिहायची, एवढंच त्यांचं काम. पण हे एवढंच काम त्या अशा काही तोऱ्यात करायच्या, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बाई सूर्याला उगवायची परवानगी द्यायला निघाल्या आहेत.

जुन्या पंपघरामागे पत्र्याच्या खोलीत ती बोअर होती. जमिनीतून कमरेइतका वर आलेला लोखंडी पाइप, त्यावर झाकण, झाकणाला कुलूप. पाणी उपसायला तिचा उपयोग नव्हता. ती नुसती बघण्यासाठी खणलेली होती. बाई कुलूप काढायच्या, पोलादी टेपच्या टोकाला हातभर खडू फासायच्या आणि टेप हळूहळू आत सोडायच्या. वर ओढली की खडू जिथवर भिजलेला असेल तिथे एक स्वच्छ रेष दिसायची. पाण्याची खोली त्या रेषेवरून काढायची. मग टेप पुसायची, पुन्हा खडू, पुन्हा मोजणी. दोन आकडे जुळले तरच वहीत लिहायचे, नाही जुळले तर तिसऱ्यांदा टेप सोडायची. हा नियम त्यांना त्यांच्या नवऱ्यानं शिकवला होता. तो पंपघराचा रखवालदार. त्याचे गुडघे गेले तेव्हा टेप बाईंच्या हातात आली, आणि पुढे तो स्वतःच गेला तरी टेप त्यांच्याच हातात राहिली.

वहीच्या समासात बाई बारीक उभ्या रेघा मारायच्या. जितक्या वेळा टेप सोडली तितक्या रेघा. ही पद्धत मात्र त्यांची स्वतःची. पहिल्याच वर्षी एका थंडीत पाच दिवस ओळीनं एकच आकडा आला, तेव्हा पाणीखात्याचा एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाला होता की बाई घरी चूल पेटवता पेटवता आकडे लिहितात. बाईंच्या नाकावर माशी बसू शकत नव्हती, तिथे साहेबच येऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून समासात रेघा सुरू झाल्या. साहेबाची बदली झाली, त्याच्या मागून आणखी सात साहेब आले आणि गेले, पण त्या रेघांचा अर्थ काय असं एकानंही विचारलं नाही. बाईंनीही आपण होऊन सांगितलं नाही.

सून भूगर्भशास्त्राची. विद्यापीठात शिकवायची आणि संशोधन करायची. शिकत असताना ती या वह्या बघायला म्हणून पहिल्यांदा घरी आली होती. आधी ती वह्यांच्या प्रेमात पडली आणि मग बाईंच्या मुलाच्या, हे सगळ्या गोतावळ्याला माहीत होतं. बस चालवणाऱ्या त्या मुलाला तेवढा क्रम अजून उलटा वाटायचा. रोज साडेसहाला तिचा फोन यायचा. "आई, किती?" एवढंच विचारायची. बाई आकडा सांगायच्या. मग ती तो आपल्या संगणकात भरायची.

आणि मग भूकंप झाला. फार मोठा नव्हता, कुणी दगावलं नाही. भिंतींना तडे गेले, कपाटातल्या बरण्या फुटल्या, लोक तासभर रस्त्यावर उभे राहिले आणि परत घरात गेले. पण दुसऱ्या सकाळी बाईंनी टेप सोडली तर पाणी एकदम सत्तर सेंटिमीटर खाली. तिथून ते दिवसाला दोन-तीन सेंटिमीटर वर चढू लागलं.

सूनबाईच्या अंगात वारं शिरलं. तिनं बाईंना स्वयंपाकघरात उभं करून समजावलं की जमीन हललीय आणि आता ती पुन्हा सावरतेय. हे सावरणं महिन्या-दीड महिन्यात संपेल. तेवढ्यात तिथे यंत्रं लावली तर काहीतरी हाती लागेल, नंतर लावली तर फक्त पाणी दिसेल. नेहमीचा संशोधननिधी मागायचा तर दीड वर्ष जातं. अर्ज फिरतो, तज्ज्ञ वाचतात, शंका काढतात, बैठका होतात. म्हणून तातडीच्या अभ्यासांसाठी एक वेगळा निधी होता. चार पानांचा अर्ज, दहा दिवसांत उत्तर. अट मात्र कडक होती. नेहमीचं, होणार हे माहीत असलेलं काम चालणार नाही. काहीतरी नवं हवं, धाडसाचं हवं. शिवाय एका विभागाला वर्षात एकच अर्ज.

आणि नवं काहीतरी तिला सापडलं होतं. बाईंच्याच आकड्यांत. भूकंपाच्या नऊ दिवस आधी बोअरचं पाणी चार सेंटिमीटर वर आलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. जमिनीनं आधी चाहूल दिली होती की काय? हे विचारायची हिंमत आजवर फार थोड्यांनी केली होती, आणि केली त्यांच्याकडे सव्वीस वर्षांच्या वह्या नव्हत्या. सूनबाईनं तीन दिवसांत चार पानं लिहिली. पहिल्याच परिच्छेदात बाईंच्या वह्यांचा उल्लेख होता. मुलानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा बाई 'कळलं, कळलं' म्हणत ओट्याकडे वळल्या. ऊर भरून आला होता आणि ते सुनेला दिसायला नको होतं.

अर्ज गेला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणात मुलानं भाजीचा पहिला घास तोंडात घातला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"या घरात मीठ स्वस्त झालंय का?" तो म्हणाला.

झालं होतं असं, की बाईंनी भाजीत मीठ घातलं होतं, आणि सुनेनं 'आई कामात असल्या की मीठ विसरतात' म्हणून पुन्हा घातलं होतं. दोघींनी काळजीपोटीच घातलं होतं. सून हसायला लागली. बाई मात्र हातातला घास तसाच धरून बसल्या.

त्यांना बोअरचं कडं आठवलं. पाइपाची वरची कड गंजली म्हणून खात्यानं तिच्यावर नवं लोखंडी कडं बसवलं होतं, चार सेंटिमीटर उंचीचं. मोजणी कडेपासून व्हायची, आता कडच चार सेंटिमीटर वर गेली, तेव्हा प्रत्येक आकडा चारनं जास्त येणार. म्हणून खात्यानं कागद पाठवला होता की यापुढच्या नोंदींतून चार वजा करावेत. बाईंनी तो वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला होता. पण कागद यायच्या आधीपासून, कडं बसलं त्याच सकाळपासून, त्या मनातल्या मनात चार वजा करूनच लिहीत होत्या. ज्या कडेपासून सव्वीस वर्षं मोजलं तीच त्यांची कड.

"अगं," त्यांनी विचारलं, "पुठ्ठ्यावरचा तो कागद वाचलास, तेव्हा तू चार वजा केलेस का?"

"हो. केले ना."

"मीही केले होते."

सुनेचं हसू तिथल्या तिथे मावळलं. कडं बसल्याची तारीख भूकंपाच्या बरोबर नऊ दिवस आधीची होती. पाणी वर आलंच नव्हतं. एकच गोष्ट दोनदा वजा झाली होती, इतकंच. एरवी हे सूनबाईच्या नजरेतून सुटलं नसतं, पण तीन दिवसांत चार पानं लिहायची म्हणजे एखादा धागा सुटतो. ताटं तशीच राहिली. मुलगा एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत होता. आपण मिठाचा विषय काढला नसता तर बरं झालं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

बाई म्हणाल्या की चूक त्यांची, चार वजा करूनच लिहिलंय हे त्यांनी वहीत नोंदवायला हवं होतं. सून म्हणाली की चूक तिची, तिनं विचारायला हवं होतं. दोघी चुकीवर हक्क सांगत बसल्या. शेवटी मुलानं जे कुणीच बोलत नव्हतं ते विचारलं: हे कुणाला कळायला हवं का? निधी देणाऱ्या समितीला काय कळणार, कोणी कितीदा वजा केलं ते?

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भाजीतलं मीठही निमूट खाऊन गेला.

"बोअर माझी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या नावावर खोटं जाणार नाही."

सुनेनं सकाळी समितीला एक पानाचं पत्र पाठवलं. अर्जातला पहिला मुद्दा चुकीच्या वजाबाकीवर उभा होता, तो मागे घेत आहोत, भूकंपानंतरचे आकडे मात्र बरोबर आहेत.  अर्जातलं जे नवं होतं, धाडसाचं होतं, तेच गेलं होतं. दुसरा अर्ज पुढच्या वर्षी, आणि तोवर पाणी आपल्या जुन्या जागी जाऊन बसलेलं असणार. बाईंनी तिच्या पुढ्यात चहा ठेवला. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि सुई-दोरा घेऊन बसल्या.

ही सुई-दोऱ्याची भानगड घरात कुणाला माहीत नव्हती. भूकंपाच्या आधीच्या आठवड्यापासून बाई रोज संध्याकाळी दार लोटून सुईत दोरा ओवून बघत होत्या. पहिल्या फटक्यात ओवला जायचा. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायच्या. का, ते त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं आणि सुनेला तर मुळीच नाही.

दोन दिवसांनी समितीचा निरोप आला. सकाळी अकरा वाजता पडद्यावर बोलायचं आहे, आणि जमल्यास मोजणी घेणारी व्यक्तीही हजर असावी.  त्यांनी ठेवणीतली साडी काढली, मग 'आपण काही लग्नाला चाललो नाही' म्हणून परत ठेवली आणि कामावरचीच नेसल्या. टेप, खडू आणि वही मात्र सोबत घेऊन बसल्या. रिकाम्या हातानं त्यांना बसवलंच नसतं.

जेवणाच्या टेबलावर सुनेचा संगणक. पडद्यावर तीन चेहरे. मधले अध्यक्ष, पिकल्या केसांचे, बोलायला मऊ. त्यांनी आधी पत्राबद्दल आभार मानले आणि मग मुद्द्यावर आले. भूकंपानंतर विहिरींचं पाणी बदलतं हे जगाला माहीत आहे, त्याचा अभ्यास कितीतरी लोक करतात. चाहुलीचा मुद्दा गेल्यावर या अर्जात असं काय उरतं, की जे या निधीनंच करायला हवं?

सूनबाई गडबडली नाही. तिनं सरळ सांगितलं की आज तिच्याकडे याचं चांगलं उत्तर नाही. आकडे विश्वासाचे आहेत, जागा चांगली आहे, वेळ थोडा आहे, एवढंच ती म्हणू शकते. बाईंना वाटलं, पोरगी हरली तरी कशी ताठ मानेनं बसलीय. त्या क्षणी तो निधी मिळाला काय आणि न मिळाला काय, त्यांना सुनेचा इतका अभिमान वाटला की हातातला खडू मोडला.

पडद्यावर उजवीकडे एक सावळ्या बाई होत्या, जमिनीतून निघणाऱ्या वायूंचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी विचारलं, आकडे विश्वासाचे म्हणजे किती? हातानं घेतलेल्या मोजणीत सेंटिमीटरभर इकडे-तिकडे होत नाही?

हा प्रश्न बाईंना थेट लागला. त्यांनी संगणक स्वतःकडे वळवला, टेपला खडू फासला, ती बाजूच्या तांब्यात बुडवून वर काढली आणि भिजल्याची रेष पडद्याला दाखवली. दोन आकडे जुळल्याशिवाय आपण लिहीत नाही, हे सांगितलं. नाही जुळले तर तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा.

"असं कितीदा होतं?" वायूवाल्या बाईंनी विचारलं.

"दुसऱ्यांदा जुळतातच. सव्वीस वर्षांत नाही जुळले ते दिवस बोटांवर मोजता येतील." बाई थांबल्या. इथे गप्प बसता आलं असतं. सून शेजारी होती, तिला हे प्रथमच कळणार होतं, आणि कळल्यावर टेप आपल्या हातून जाईल ही भीती त्यांना होती. पण ज्या तोंडानं चार सेंटिमीटरचं कबूल केलं त्याच तोंडानं हे लपवायचं, हे त्यांना जमलं नाही. "आणि त्या आठवड्यात रोज."

"कोणत्या आठवड्यात?"

"भूकंपाच्या आधीच्या. रेष नीट उमटतच नव्हती. कडेला खडूवर शिंतोडे, रेष फाटल्यासारखी. तीन-तीन, चार-चार वेळा टेप सोडावी लागली. शेवटच्या दिवशी सहा वेळा."

"आई, तुम्ही मला बोलला नाहीत," सून हळूच म्हणाली.

"मला वाटलं, माझाच हात हलतोय." बाई टेपकडे बघत बोलल्या. "वय झालं, म्हटलं. सांगितलं तर तुम्ही मला घरी बसवाल. रोज सुईत दोरा ओवून बघत होते."

 मग अध्यक्षांनी विचारलं की हे सगळं आठवणीतून सांगताय, की कुठे लिहिलेलं आहे? बाईंनी वही उघडली आणि पान पडद्यासमोर धरलं. सुनेनंही ते पान तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. आकडे तिनं हजारदा वाचले होते. समासातल्या रेघा म्हणजे आई पेन चालतंय का ते बघतात, अशी तिची समजूत होती. वरपासून खाली दोन रेघा, दोन रेघा, दोन रेघा. पान उलटलं तरी दोन. मग एका तारखेला तीन. तीन. तीन. चार. चार. चार. सहा. त्यानंतरच्या सकाळी सत्तर सेंटिमीटर खाली गेलेलं पाणी आणि समोर पुन्हा चार.

वायूवाल्या बाई पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की नुसता चष्माच दिसायला लागला. त्यांनी आधीची वर्षं दाखवायला सांगितली. मुलगा बसच्या पाळीवर जायला निघाला होता, तो बूट काढून माळ्यावर चढला आणि वह्यांचे गठ्ठे खाली देऊ लागला. अर्धा तास पानं उलटली जात होती. दोन, दोन, दोन. मध्येच एखादी तीन, आणि तिथे बाई ताबडतोब सांगायच्या: त्या दिवशी कारखान्याचे पंप लवकर सुरू झाले होते. त्या दिवशी टेपला गंज होता, दुसरी मागवली.

"हे सगळं का लिहून ठेवलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकानं मला खोटारडी म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

वायूवाल्या बाई मागे सरकल्या. त्या सावकाश बोलल्या, शब्द तोलून. एका बोअरवरून काही सिद्ध होत नाही, उद्या मोजायला गेल्यावर काहीच सापडणार नाही असंही होईल. पण खालून वायूचे बुडबुडे येत असले तर खडूवरची रेष अशीच फाटते, आणि यंत्रानं नुसती पातळी नोंदवली असती तर हे कुणाला कधीच दिसलं नसतं.

"तुमचा हात हलत नसावा, बाई," त्या म्हणाल्या. "पाणी हलत असावं."

बाईंनी मान हलवली.  सुनेनं टेबलाखालून त्यांचा हात धरला. तो हात तेव्हा मात्र खरंच थरथरत होता.

अर्ज गेल्यापासून आठव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. मागितलेलं सगळं मिळालं नाही. नवी खोल बोअर खणायचा मुद्दा समितीनं खोडला होता. वायू मोजायची यंत्रं मिळाली, सहा महिन्यांची मुदत मिळाली, आणि ताबडतोब काम सुरू करायची आज्ञा. खाली एक अट होती: यंत्रं बसली तरी हाताची मोजणी याच पद्धतीनं, याच व्यक्तीकडून चालू राहावी. आणि संशोधकांच्या यादीत सुनेच्या नावाखाली बाईंचं पूर्ण नाव होतं. सव्वीस वर्षं त्या 'मोजणीबाई' होत्या, त्याआधी रखवालदाराची बायको. आपलं नाव छापलेलं त्यांनी शिधापत्रिकेखेरीज कुठे पाहिलं नव्हतं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं, आणि मुलगा कामावरून आल्यावर त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. या वेळी त्या ओट्याकडे वळल्या नाहीत. समोर बसून ऐकलं.

यंत्रं पुढच्या सोमवारी आली. पत्र्याच्या खोलीत तारा, नळ्या, पेट्या. त्या पसाऱ्यात बाईंना उभं राहायला पाइपाजवळ जेमतेम हातभर जागा उरली. त्यांनी दोन पेट्या स्वतःच सरकवून ती जागा वाढवून घेतली, कुणाला विचारलं नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी कुलूप काढलं. सूनबाई आज फोन करणार नव्हती. ती तिथेच, दाराशी नवी वही घेऊन उभी होती. त्या वहीत तिनं रात्री पट्टीनं एक जास्तीचा रकाना आखला होता. बाईंनी खडू फासला, टेप सोडली, वर काढली, पुसली. पुन्हा सोडली, आणि आकडे जुळेनात म्हणून तिसऱ्यांदाही.  टेप गुंडाळून झाली तेव्हाच तिनं पेन उघडलं.

"आई," तिनं विचारलं, "किती रेघा?"

"तीन," बाई म्हणाल्या, आणि वही तिच्या हातातून घेऊन त्यांनी त्या स्वतःच मारल्या.